सात बेताल ठोके

चिनी मातीच्या कपाला गेलेला बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही. काही दिवसांनी त्यात चहाचा रंग उतरतो, तेव्हा तो कळतो.

*

पहिल्या दिवशी लाल. तिसऱ्या दिवशी जांभळं. सहाव्या दिवशी कडेने हिरवं. दहाव्या दिवशी पिवळं, आणि तोवर शेजारी नवं लाल.

*

सरावाला येताना अंगठी, बांगडी, घड्याळ काढून ठेवावे. ढोलाला पाय लावणाऱ्याला त्या दिवशी वादन नाही. मोबाइल कमरेच्या पाकिटात, आवाज बंद.

*

फोन का बंद?
फोन का बंद?
आठ मिनिटं झाली.
फोन का बंद?

*

२०३९च्या गणेशोत्सवात शहरातल्या चार हजार एकशे बारा ढोलवादकांना महिला कक्षातून फोन गेला: तुम्हाला घरी कोणी मारतं का? एकीने फोन सासूच्या हातात दिला. सासू म्हणाली, "मारायचं काम तीच करते, पण ढोलाला."

*

बॅटरीचं आरोग्य ३८ टक्के. सेवा आवश्यक.

*

केतकी शिळीमकर, वय एकतीस. दिवसा दातांच्या दवाखान्यात मदतनीस, संध्याकाळी नदीपात्रात पथकाच्या सरावाला, पहिल्या रांगेत ढोल. नवरा यशराज, त्याच पथकाचा ताशाप्रमुख. ताशा पुढे बोलतो, साठ ढोल मागून उत्तर देतात. फोन पाच वर्षांचा. सकाळी पूर्ण भरलेला, दुपारी दोनला मेलेला. फोन मेला की यशराजला ती कुठे आहे ते दिसत नाही. दिसलं नाही की तो घरी वाट बघतो.

म्हणून बॅटरी बदलायची आहे. कुठे बदलायची, एवढाच प्रश्न आहे.

*

आताच्या फोनातली बॅटरी जुन्यासारखी नाही. जुन्या बॅटरीत दोन टोकांच्या मध्ये द्रव असायचा आणि तो पेटायचा. आता मध्ये भाजलेल्या मातीची पापडी असते, केसाच्या दहाव्या हिश्शाइतकी पातळ. ती पेटत नाही. तिला एक खोड मात्र आहे. जोराचा ठोका बसला की पापडीला सूक्ष्म तडा जातो, आणि तडा ताजा असताना फोन चार्जिंगला लावला तर लिथियम धातू त्यात शिरून गोठतो. दर चार्जिंगला धातूचा एक थर चढतो, झाडाच्या खोडात वर्षाचं कडं चढतं तसा. थर मोजले की ठोक्याची तारीख आणि वेळ कळते, आणि तडे किती मिटले त्यावरून दोन ठोक्यांमधलं अंतर. तड्याच्या तिरकेपणावरून दिशा कळते. थराच्या दाण्यावरून तापमान कळतं: टेबलावरून पडलेला फोन गार असतो, अंगाला चिकटलेला चौतीस अंश.

कारखान्यांना हे आधीपासून ठाऊक होतं. बाद बॅटऱ्या ते क्ष-किरणांनी वाचायचे, निकामी किती ते बघायला. मग एका शवागारात कुणीतरी मेलेल्या बाईच्या फोनची बॅटरी त्या यंत्रात घातली. एकशे चाळीस तडे. चौतीस अंश. सगळे बाहेरून आत.

पुढच्या वर्षी कायदा झाला. अधिकृत केंद्राने बॅटरी बदलताना जुनी वाचलीच पाहिजे. शेवटच्या दोन महिन्यांत अंगावर बसलेले सात आघात सापडले, तर अहवाल आपोआप महिला कक्षाकडे जातो. सातापेक्षा कमी सापडले, तर 'आघात नाही' असा दाखला मिळतो.

आणि पहिल्याच वर्षी हे यंत्र पुण्यात तोंडावर आपटलं. ढोल कमरेला बांधतात. फोन ढोलाच्या पट्ट्याखाली असतो. टिपरूच्या काठीचा आणि हाताच्या थापीचा प्रत्येक ठोका पापडीपर्यंत पोचतो.

पथकांनी मोर्चा काढला. शिष्टमंडळ गेलं. त्यात यशराज होता.

*

तीन इंजिनिअर घरी आले होते. केतकीने पोहे केले होते. यशराजने त्यांना ताशावर चाळीस ठेके वाजवून दाखवले, एकेक ठेका तीनदा, आणि त्यांनी ते यंत्रात भरून घेतले. ठोक्यांमधलं अंतर या ठेक्यांशी जुळलं की ते वादन समजायचं आणि मोजणीतून काढून टाकायचं. या सोयीला वर्तमानपत्रांनी नाव दिलं, गाळणी.

"सर, यात धोका नाही ना?" चष्मेवाल्या इंजिनिअरने स्वतःलाच विचारल्यासारखं विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "नाही. माणूस रागात असला की तालात मारत नाही. तिथेच फरक पडतो."

"बरोबर," यशराज म्हणाला. "अजून पोहे घ्या."

त्या दिवाळीपासून तो तालात मारतो.

*

एक दोन तीन, एक दोन.
एक दोन तीन, एक दोन.

"हलू नको," तो म्हणतो. "तालात राहिलीस की कमी लागतं. तुलाही माहितीय."

तो ओरडत नाही. चेहऱ्यावर सरावातलीच एकाग्रता असते. मूठ बरगडीच्या खाली, मग मांडीवर, मग कमरेवर पाकिटाच्या शेजारी. शेवटची मात्रा झाली की तो हात झटकतो, ताशाच्या काड्या खाली ठेवताना झटकतो तसे.

कमरेवरचे डाग पट्ट्याचे, मांडीवरचे ढोलाच्या कड्याचे. पथकातल्या सगळ्याच मुलींना असतात. कपडे बदलताना त्या एकमेकींना दाखवतात, हसतात, बर्फ देतात.

*

एप्रिलमध्ये केतकीच्या मोठ्या बहिणीने, वर्षाताईने, तक्रार दिली. हवालदार बाई आल्या, चहा प्यायल्या, म्हणाल्या, "बॅटरी बदलाल तेव्हा अहवाल येईलच की. त्यात काय असेल ते असेल."

यशराज दाराशी उभा होता. त्याच्या डोक्यात काय आलं ते केतकीला दिसलं.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी तो म्हणाला, "शनिवारी अकराची वेळ घेतलीय तुझी. कंपनीच्या केंद्रात. बॅटरी बदल, दाखला घे. तुझ्या ताईला आपण फ्रेम करून देऊ."

"गल्लीत पटकन होईल."

"गल्लीत दाखला मिळतो का?"

*

सोमवारी दुपारी, दवाखान्याच्या सुट्टीत, फोन मेल्यावर, ती मोबाइलच्या गल्लीत मुनाफभाई तांबोळींकडे गेली. वय सत्तरीच्या पुढे. बटणांचे फोन होते तेव्हापासूनचं दुकान, रुंदी एका माणसाएवढी. त्यांच्याकडे कुठल्यातरी बंद कारखान्यातलं जुनं वाचनयंत्र होतं. गाळणी नसलेलं.

फोन दहा मिनिटं यंत्रात होता. मुनाफभाईंनी पडद्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग परत पडद्याकडे.

"ताई, ही बॅटरी आहे की पाटा?"

"ढोल वाजवते मी."

"ते दिसतंय. ढोल समोरून येतो. हे बघा, रोज संध्याकाळी सहा ते आठ, समोरून. पण सकाळी साडेनऊला कोण ढोल वाजवतं? तेही डावीकडून?"

मुनाफभाईंनी पंखा तिच्या बाजूला वळवला.

"किती आहेत?" तिने विचारलं.

"दोन महिन्यांत तीनशे बारा. सकाळचे."

"आणि गाळणीतून?"

त्यांनी ठेक्यांचा छापील तक्ता काढला आणि ओळी बोट टेकवत ताडून पाहिल्या. "शून्य. अगदी स्वच्छ. ज्याने मारलंय त्याचा हात चांगला आहे हो." मग लगेच, "माफ करा. जीभ आहे, घसरते."

"तुमचं हे कोर्टात चालेल?"

"माझ्याकडे परवाना नाही. चालणार नाही. शिवाय बॅटरी केंद्राबाहेर एकदा फोनमधून निघाली की ती कुणाची हे सिद्धच होत नाही. केंद्रात गाळलेलं जे असतं ते तिथल्या तिथे पुसतात. परत नाही मिळत." त्यांनी आवाज खाली आणला. "बेटा, मी इथेच बदलून देतो. सांग घरी, अचानक बंद पडला, बदलला. दाखला त्यालाही नको, तुलाही नको. निदान त्याच्या हातात कागद तरी राहणार नाही."

"आणि पुढच्या बॅटरीपर्यंत पाच वर्षं."

"हं."

"गाळणी फसते कधी?"

त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. "फसत नाही. तुटते. ठेका एका जागी मोडला ना, की ती अख्खी ओळ वादन म्हणून धरत नाही. सगळे ठोके परत मोजणीत येतात. पण तासाभरात चार्जिंगला लावायला हवं. पापडी स्वतःला मिटून घेते. धातू आत गेला नाही तर काहीच झालं नाही." मग म्हणाले, "असलं काही करायचं नाही. कळलं का? कुणी बहीण-बिहीण असेल, तिच्याकडे निघून जा."

"गेले होते. मार्चमध्ये. तो तिच्या दाराशी चार दिवस बसला. तिचा कुत्रा गेला पाचव्या दिवशी."

मुनाफभाईंनी फोन तिच्या हातात दिला. पैसे घेतले नाहीत. "सात लागतात," ते म्हणाले. "सात."

*

मंगळवार. यशराज गोड बोलला. येताना आंबा बर्फी आणली.

बुधवार. "शनिवारी काय घालणारेस?" त्याने विचारलं. "तो निळा ड्रेस घाल. बरी दिसतेस."

गुरुवार. फोन दुपारी एकलाच मेला. ती चार तास नकाशावर नव्हती. घरी आली तेव्हा तो भेंडी चिरत होता. "होतं असं," म्हणाला. "दोन दिवस राहिले आता जुन्या बॅटरीचे."

तिला पहिल्यांदाच खरी भीती वाटली. शनिवारपर्यंत तो हात लावणार नव्हता. शनिवारी स्वच्छ दाखला निघणार होता. त्यानंतर तिचं कुणीही, कधीही, काहीही ऐकणार नव्हतं. मेली तरी.

*

शुक्रवार. गणपती जवळ आले की सकाळचाही सराव असतो. सहाला शेड उघडली. साठ ढोल, पंधरा ताशे, बघायला आलेली दुसऱ्या पथकाची दोन मुलं, पथकाचे जुने अध्यक्ष खुर्ची टाकून.

यशराजने सुरुवात केली. ताशाची काडी त्याच्या हातात दिसत नाही, फक्त आवाज दिसतो. ढोल उचलले गेले. पहिली रांग बघून दुसरी वाजवते, दुसरी बघून तिसरी. पहिल्या रांगेत मधोमध केतकी.

तिने चौथ्या आवर्तनाला ठोका अर्धी मात्रा आधी मारला.

कुणाला कळलं नाही. पाचव्याला परत. शेजारची मृण्मयी अडखळली. सहाव्याला केतकीने पूर्ण टिपरू खाली आणलं, जिथे शांतता हवी होती तिथे, आणि मागच्या रांगेने तिचं ऐकलं, ताशाचं नाही. सगळा ठेका रस्त्यावर सांडलेल्या पोत्यासारखा फुटला. नदीपात्रात नुसता गोंगाट. दुसऱ्या पथकाची मुलं हसली. अध्यक्ष म्हणाले, "यशराज, कार्यक्रम आहे की भाजी मंडई?"

यशराजने काड्या काखेत धरल्या आणि हसून सगळ्यांना हात केला. हसताना त्याचे दात दिसत होते आणि मानेची शीर.

"केतकीला बरं नाहीये," तो म्हणाला. "मी सोडतो घरी."

*

साडेआठ. दार. कडी.

ती अजून सरावाच्या कपड्यांत. पाकीट कमरेला. फोन नऊ टक्के.

"मुद्दाम केलंस."

"हो."

एक दोन तीन, एक दोन.

अजूनही तालात. एवढ्या रागातही. तिला क्षणभर त्याचं खरंच नवल वाटलं. अकरा वर्षं हाच ठेका तिने ढोल बांधून कमरेवर पेलला होता, पुढचा ठोका कुठे येणार ते तिला त्याच्याइतकंच ठाऊक होतं.

एक दोन तीन,

आणि चौथ्याच्या आधीच ती पुढे सरकली. त्याच्या मुठीच्या वाटेत. ठोका अर्धी मात्रा आधी बसला, पाकिटाच्या वरच, हाडावर. श्वास गेला.

"हलू नको म्हटलं ना!"

एक. दोन. ती बाजूला झाली, मूठ कपाटावर गेली. तीन तिने घेतला, छाती वळवून. एक,

"उभी राहा नीट!"

दोनच्या जागी ती खाली बसली. त्याने लाथ घातली. लाथेला ताल नसतो. लाथ हे ताशाचं काम नाही, हे त्याच्या पायाला कधी शिकवलेलंच नव्हतं. कमरेत. परत कमरेत. मग केसांना धरून वर, भिंतीवर डोकं, आणि भिंतीवर डोकं, आणि मध्ये किती वेळ गेला ते तिला मोजता आलं नाही, पण त्यालाही मोजता येत नव्हतं, तो ओरडत होता, शहरातला सगळ्यात पक्का ताशा बेभान होऊन ओरडत होता, माझा ताल, माझा ताल घालवलास, सगळ्यांसमोर, आणि मूठ आली, थांबली, दोनदा आली, आली नाही, आली.

चार. पाच. नऊ. तोंडात रक्त, लोखंडासारखं. दात जागेवर आहे का हे जीभ बघून आली. अकरा. आता पुरेत, तिच्या डोक्यात कुणीतरी म्हणालं, आता पुरेत.

पण तो थांबला नाही. त्याला थांबायची जागाच सापडत नव्हती. आवर्तन नव्हतं, म्हणून शेवटची मात्रा नव्हती. हे तिने धरलं नव्हतं. तालात मारताना तो संपवायचा. आता तो संपवणार नव्हता. त्याचे दोन्ही अंगठे तिच्या गळ्यावर आले आणि खिडकीतलं सकाळचं ऊन कडेने काळं व्हायला लागलं.

तिचा उजवा हात जमिनीवर चाचपडत होता. सरावाच्या पिशवीतून टिपरू बाहेर आलं होतं.

तिने ते मारलं. एकदाच. न पेलता, कमरेतून, ढोलाला मारते तसं. त्याच्या उजव्या मनगटावर.

आवाज ओल्या फांदीचा आला.

*

तो मनगट पोटाशी धरून भिंतीला टेकला होता. रंग उडालेला. मग उठला, एका हाताने कडी काढताना तीनदा चुकला, आणि जिना उतरून गेला. खाली कुणालातरी म्हणाला, "पडलो. दवाखान्यात सोड."

चार्जर खाटेच्या मागे. खाट ते केतकी, सहा फरशा.

पहिली फरशी. दुसरी. तिसरीवर तिला ओकारी आली. चौथी. भिंतीवरचं घड्याळ एकच्या ऐवजी दोन दिसत होतं, दोन्हींत नऊ वाजून वीस. पाचवी. पाकिटाची चेन रक्ताने बुळबुळीत झालेली, दाताने ओढली. सहावी.

फोन दोन टक्के. पिन आत गेली नाही. उलटी धरली होती. परत. गेली.

पडद्यावर हिरवी रेघ आली. ती फोन पोटाशी धरून तिथेच पडली, आणि पडल्या पडल्या तिला वाटलं, की आत धातू सरकतोय ते ऐकू येतंय. ऐकू येत नाही. असं काही नसतं.

*

शनिवार, अकरा. यशराज रात्री घरी आला नव्हता, पण इथे आधीच येऊन थांबला होता; काल फोन चार्जिंगविना मेलाच असणार, असं त्याने धरलं होतं. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. काउंटरवरच्या तंत्रज्ञ मॅडमना, कोटावर नाव मीनल धिवार, तो हसून म्हणाला, "मिसेस ढोल वाजवतात. पथकातल्या आहेत. ठोके असणारच."

"कळेल ना, सर." मीनलने केतकीच्या सुजलेल्या डोळ्याकडे बघितलं आणि नजर काढली नाही. "बॅटरी काढताना आत फक्त फोनधारक. तुम्ही काचेच्या बाहेर बसा."

"मी नवरा आहे."

"म्हणूनच, सर."

आत यंत्र फ्रिजएवढं. मीनलने फोन उघडला, बॅटरी चिमट्याने काढून खाचेत ठेवली. घर्र असा आवाज. पडद्यावर राखाडी थर, एकावर एक, आणि त्यांतून पांढऱ्या रेघा.

"गाळणी लावते आता," मीनल म्हणाली. बटण दाबलं.

रेघा जायला लागल्या. संध्याकाळच्या गेल्या. सकाळच्या गेल्या, तीनशे बारा, झाडून काढल्यासारख्या. जूनचा महिना कोरा झाला. जुलै कोरा झाला. केतकीने टेबलाची कड धरली.

सगळ्यात वरचा थर राहिला. शुक्रवार. त्यातली एकही रेघ हलली नाही.

मीनल बोटाने मोजत होती. ओठ हलत होते. "एकोणीस," ती म्हणाली. मग थांबली. पडदा मोठा केला. "अठरा बाहेरून आत आहेत. हा एक उलटा आहे. आतून बाहेर गेलेला, तुमच्याच कमरेतून निघालेला." ती केतकीकडे वळली. आवाज अगदी हळू. "हाही छापला जातो, ताई. तुमच्या नावावर. ते वकील लावतील, यावरून तुम्हाला विचारतील. इथे एक रकाना आहे, 'संदिग्ध'. मला तो भरायचा अधिकार आहे."

काचेबाहेर यशराज डाव्या हाताची बोटं खुर्चीच्या दांड्यावर वाजवत होता. डावा हात त्याचा कधीच बरोबर चालला नव्हता.

"संदिग्ध नको," केतकी म्हणाली. फुटलेल्या ओठातून शब्द जाड येत होते. "तो माझा आहे. लिहा."

मीनलने लिहिलं. अहवाल गेला. बाहेर पावती छापायच्या यंत्राने एक कागद सोडला, त्यावर दाखला नव्हता, फक्त वेळ होती, अकरा वाजून सव्वीस मिनिटं. नवी बॅटरी घालून मीनलने फोन तिच्या हातात दिला आणि म्हणाली, "मागच्या दाराशी रिक्षा उभी आहे. कक्षाच्या बाई तिथेच येतायत. त्या येईपर्यंत मी पुढचं दार उघडत नाही."

*

अकरा वर्षांपूर्वी पथकात नाव नोंदवताना केतकीने 'यापूर्वीची दुखापत' या रकान्यात 'नाही' असं लिहिलं होतं.